पीटभूमीवर आधी पाण्याची पातळी, मग रोपे

पर्यावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या चंद्रपूरच्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. कॅनडातील तेलकंपन्या काम संपल्यावर जंगल पूर्ववत करून देतात असे वाचनात येते. तर हे काम नेमके काय असते आणि रोपे लावून ते होते का, हा पहिला प्रश्न. ते झाले असे कधी आणि कशाच्या आधारावर म्हणायचे, हा दुसरा. यातले काही विदर्भातील कोळसा खाणींच्या जमिनींना लागू पडेल का, हा तिसरा. मी कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात याच कामात आहे. वेलपॅड (तेलविहिरींसाठी भराव घालून केलेले चौथरे), रस्ते आणि सर्वेक्षणाचे पट्टे यांच्याखाली गेलेल्या पीटभूमीवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या दलदलीवर, वनस्पती पुन्हा कशा येतील हे शोधायचे आणि जे हाती लागेल ते यंत्रचालकांकडून प्रत्यक्ष जमिनीवर करून घ्यायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या प्रदेशापुरतीच देतो.

अल्बर्टातील तेलवाळूचे, म्हणजे बिटुमेन हे डांबरासारखे घट्ट तेल मिसळलेल्या वाळूचे, अथाबास्का, कोल्ड लेक आणि पीस रिव्हर हे तीन साठे मिळून सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटर क्षेत्राखाली पसरले आहेत, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी. छायाचित्रांत दिसणाऱ्या प्रचंड उघड्या खाणी फोर्ट मॅकमरी या गावाच्या उत्तरेला आहेत, आणि वरून खोदून तेल काढता येईल असे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या साधारण ३ टक्केच आहे. बाकी ठिकाणी तेल खोल आहे. तिथे आडव्या जोडविहिरी खणून वरच्या विहिरीतून वाफ सोडतात, घट्ट बिटुमेन पातळ होऊन खालच्या विहिरीत उतरते आणि तिथून उपसले जाते. या पद्धतीत जमीन खोदली जात नाही, म्हणून ती सौम्य वाटते. पण विहिरींच्या प्रत्येक गटासाठी भराव घालून केलेला चौथरा लागतो, त्याला रस्ता लागतो, नळवाहिन्या आणि विजेच्या तारांचे मार्ग लागतात, आणि या सगळ्याच्या आधी कृत्रिम कंपनलहरींनी साठा शोधण्यासाठी अरण्यातून सरळ रेषेत पट्टे तोडलेले असतात. क्षेत्रफळ मोजायला गेले तर ते थोडेच भरते. अरण्याचे तुकडे मात्र सर्वदूर पडतात. आमचे बहुतेक काम या विखुरलेल्या जागांवर चालते.

या प्रदेशात उंच भागावर ॲस्पन, व्हाइट स्प्रूस आणि जॅक पाइनची अरण्ये आहेत आणि सखल भागात पीटभूमी आहे. पाण्याने भरलेल्या, थंड, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जागी मॉस आणि लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती मरतात तेव्हा त्या पुरत्या कुजत नाहीत. त्यांचा थर वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असा साचत जातो. तेच पीट. दोन मीटर जाडीचे पीट साचायला हजारो वर्षे लागलेली असतात. जगाच्या भूपृष्ठापैकी सुमारे ३ टक्के जागेवर पीटभूमी आहे आणि मातीत साठलेल्या एकूण कार्बनपैकी जवळपास एक तृतीयांश कार्बन तेवढ्याच जागेत आहे. आपल्या रोपवाटिकांत कोकोपीट सर्रास वापरतात. ते ज्याला पर्याय म्हणून आले, ते पीट मॉस कॅनडाच्या पीटभूमींवरूनही मोठ्या प्रमाणावर काढले जाते, आणि त्या उद्योगाने केलेल्या संशोधनाचा आमच्या कामाला पुष्कळ उपयोग झाला आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

फोर्ट मॅकमरी परिसरात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सरासरी ४२० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. हे प्रमाण आपल्या दुष्काळी माणदेशाच्या जवळपास जाणारे आहे. एवढ्याशा पाण्यावर दलदल टिकते ती थंडीमुळे, आणि तितकीच मॉसमुळे. मॉसचा वरचा जिवंत थर सुकला की त्याचा रंग फिकट होतो, खालून वर चढणाऱ्या पाण्याची साखळी तुटते, बाष्पीभवन मंदावते आणि खालचे पाणी वाचते. पाणी आहे म्हणून मॉस आहे आणि मॉस आहे म्हणून पाणी आहे, अशी ही परस्परावलंबी रचना आहे. बुलडोझरने वरचे वीतभर खरवडले की ही रचना मोडते, आणि मग नुसते पाणी सोडून किंवा नुसते मॉस पसरून ती परत उभी राहत नाही.

पीटभूमीवर गुडघे टेकून पाहिल्यावर दुरून सपाट वाटणारी जमीन बारीक उंचसखल असल्याचे ध्यानात येते. उंचवट्यावर तांबूस स्फॅग्नम मॉसची घट्ट गादी असते, तिच्यातून लॅब्राडोर टीची झुडपे आणि क्लाउडबेरीची पाने वर आलेली असतात, आणि मधूनमधून गोल पानांचा ड्रॉसेरा दिसतो. कासच्या पठारावर ज्यांनी दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पाहिली आहे त्यांना तो पाहताक्षणी ओळखता येईल. जमिनीत पोषक द्रव्ये फारशी नसल्यामुळे तिथेही आणि इथेही तिला कीटकांतून नत्र मिळवावे लागते. हातभर अंतरावर खळगा असतो, त्यात पाणी पृष्ठभागाला टेकलेले असते आणि तिथे हिरव्या रंगाची, लुसलुशीत अशी वेगळीच स्फॅग्नमची जात वाढते. ब्लॅक स्प्रूसचे झाड मनगटाएवढेच जाड दिसले तरी ते शंभरी गाठलेले असू शकते, आणि ते बहुधा उंचवट्यावरच सापडते, कारण त्याच्या मुळांना पाण्याच्या पातळीच्या वर वीस-तीस सेंटिमीटरचा तरी हवेशीर थर हवा असतो. पीटभूमीच्या पुनर्स्थापनेतील यश आणि अपयश या वीस-तीस सेंटिमीटरांत ठरते. रोपवाटिका, रोपांची जात, लागवडीचा हंगाम या सगळ्याला महत्त्व आहे, पण ते त्यानंतर.

वेलपॅडचे उदाहरण घेतो, कारण त्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. पीटवर अवजड यंत्रे उभी राहू शकत नाहीत, म्हणून पीटवर जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरून त्यावर मीटर-दीड मीटर चिकणमातीचा भराव घालतात आणि तो दाबून घेतात. विहीर बंद झाल्यावर पूर्वीची रूढ पद्धत अशी होती की यंत्रसामग्री हलवायची, भराव सपाट करायचा, चाऱ्याचे गवत आणि क्लोव्हर यांचे बी पेरायचे आणि काम संपले असे धरायचे. दोन उन्हाळ्यांत चौथरा हिरवागार दिसतो. पण दशके उलटली तरी अनेक चौथऱ्यांवर तेच गवत आहे. त्याच्या दाट मुळांत झाडाचे बी रुजत नाही आणि मॉसला हवा असलेला ओलावा तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही. भोवती पीटभूमी आणि मध्ये गवताचे कोरडे बेट, अशी ती जागा राहून जाते. जमिनीची धूप थांबवणे एवढाच उद्देश असता तर ही पद्धत चुकीची म्हणता आली नसती. पण पीटभूमी परत आणण्याच्या दृष्टीने ती वाट अडवणारी आहे, हे मी ठामपणे सांगतो.

मग भराव काढून टाकावा, असे कोणालाही सुचेल. त्यातली अडचण अशी की भरावाखालचे पीट अनेक वर्षे दबलेले असते आणि ओझे उतरवले तरी ते पूर्वीच्या उंचीपर्यंत फुगून येत नाही. सगळा भराव उपसला तर तळ भोवतालच्या पीटपेक्षा खाली राहतो आणि तिथे तळे होते. तळ्यात पाणकणीस माजते, बदके उतरतात, दृश्य रम्य असते. पण उभ्या खोल पाण्यात मॉसचा थर धरत नाही आणि पीट साचण्याची प्रक्रिया सुरू होत नाही. शिवाय उपसलेली माती नेऊन टाकायला दुसरी जागा लागते आणि त्या वाहतुकीचे इंधन जळते ते वेगळेच. यावर पुढे आलेला दुसरा मार्ग म्हणजे भराव अर्धवट काढणे: चौथऱ्याचा पृष्ठभाग भोवतालच्या पीटमधील पाण्याच्या पातळीजवळ येईल इतकाच तो उतरवायचा आणि उरलेल्या ओल्या चिकणमातीवर पीटभूमीच्या वनस्पती थेट वाढवायच्या. खनिज मातीवर पीटभूमी सुरू होईल का, अशी शंका सुरुवातीला अनेकांना होती. परंतु हिमयुगानंतर इथल्या कितीतरी पीटभूमी ओल्या खनिज मातीवरच सुरू झाल्या आहेत, आणि पीस रिव्हर परिसरातील प्रयोगांत पाण्याची पातळी योग्य राखली तेव्हा केरेक्स या लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती आणि विलो चिकणमातीवर उत्तम जगल्याचे दिसले. तिसरा मार्ग उलथापालथीचा आहे. पोकलेनने भराव बाजूला करून खालचे पीट वर काढायचे, भराव त्या खड्ड्यात टाकायचा आणि पीट त्यावर पसरायचे. माती बाहेर न्यावी लागत नाही आणि पृष्ठभागावर खरे पीट येते, म्हणून मला हा मार्ग आवडतो. पण खालचे पीट पुरेसे जाड असेल आणि चालक कसलेला असेल तरच तो साधतो.

तिन्ही मार्गांत शेवटी निर्णायक ठरते ती अंतिम उंची. भोवतालच्या खळग्यांचा पृष्ठभाग हा माझा संदर्भबिंदू असतो आणि चौथऱ्याचा पृष्ठभाग त्याच्या पाच-दहा सेंटिमीटरांच्या आत बसावा असा आग्रह असतो. त्याहून उंच ठेवला तर गवत आणि तण बाजी मारतात, त्याहून खोल गेला तर तळे होते. हे सांगायला सोपे आहे, पण अवजड यंत्रे पीटभूमीवर फक्त हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना नेता येतात. गोठलेल्या मातीची ढेकळे लेझर लेव्हलने नेमकी जुळवली तरी मे महिन्यात ती वितळतात, त्यांतली पोकळी बसते आणि पृष्ठभाग खाली जातो. म्हणून हिवाळ्यात पृष्ठभाग किंचित उंच ठेवायचा आणि वितळल्यावर तो किती बसतो याची नोंद ठेवून पुढच्या जागेचा अंदाज बांधायचा, हे प्रत्येक प्रकारच्या मातीसाठी नव्याने शिकावे लागते. चौथऱ्याच्या कडाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. मधला भाग अचूक उतरवला आणि कडेला भरावाचा बांध राहू दिला, तर शेजारच्या पीटभूमीचे पाणी आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही. रस्त्यांचे तेच. पाण्याच्या वाहत्या दिशेला आडवा रस्ता गेला की वरच्या अंगाला पाणी तुंबून स्प्रूस उभ्याने मरतात, खालच्या अंगाचे पीट सुकते, आणि पाणी जाण्यासाठी रस्त्याखाली बसवलेले नळ बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी) बुजवून टाकतात. रस्ता वापरातून गेल्यावर तो पूर्ण काढता येत नसेल, तर निदान पाण्याच्या जुन्या वाटांवर तो तोडलाच पाहिजे.

आता मॉसविषयी. ज्या पीट उद्योगाचा उल्लेख वर केला, त्याने कुंडीसाठी लागणारे पीट काढून झालेल्या उजाड जागांवर मॉस परत कसे आणावे याचा अभ्यास क्वेबेकमधील लावाल विद्यापीठात लिन रोशफोर्ट यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून केला. त्यातून आलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. जवळच्या चांगल्या पीटभूमीवरून वरचा सुमारे १० सेंटिमीटरचा जिवंत थर काढायचा, तो तुकडे करून साधारण दहापट क्षेत्रावर पातळ पसरायचा, त्यावर हेक्टरी ३,००० किलो पेंढा अंथरायचा म्हणजे उन्हाने तुकडे सुकत नाहीत, निचऱ्याचे चर बुजवायचे आणि थोडे स्फुरदयुक्त खत द्यायचे. खत स्फॅग्नमसाठी नसते. पॉलिट्रिकम नावाचे काटक मॉस त्यावर आधी वाढते, पृष्ठभाग धरून ठेवते आणि त्याच्या सावलीत स्फॅग्नम येते. रिव्हिएर-द्यू-लूजवळील बुआ-दे-बेल या जागेवर १९७० च्या दशकात पीट काढले जात होते, १९८० मध्ये काम थांबले, आणि जवळपास वीस वर्षे ती जागा स्वतःहून सावरली नाही. १९९९ मध्ये तिथे ही पद्धत वापरली. पुनर्स्थापनेनंतर १४ वर्षांनी केलेल्या बहुवार्षिक मोजणीत ती जागा पुन्हा कार्बन शोषणारी झाल्याचे सिद्ध झाले. या क्षेत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा हा आहे, कारण तो गवताच्या हिरवेपणावर न थांबता मूळ कार्य परत आल्याविषयी बोलतो.

अल्बर्टात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तेलवाळूच्या प्रदेशातील पीटभूमी बहुतांशी भूजलावर पोसलेल्या आहेत, केवळ पावसावर पोसलेल्या आम्लधर्मी पीटभूमी त्या मानाने कमी. त्यामुळे तिथे स्फॅग्नमच्या आधी केरेक्स आणि तपकिरी मॉसचे गट आणावे लागतात. भरावाच्या चिकणमातीतील खनिजांमुळे पाण्याचा सामू वाढतो आणि स्फॅग्नमच्या अनेक जातींना तो सोसत नाही. पेंढ्याबरोबर तणाचे बी येऊ नये म्हणून जी काळजी घ्यावी लागते ती तर इथे दुप्पट घ्यावी लागते.

सर्वेक्षणाच्या पट्ट्यांकडे वळतो. संशोधनाच्या दृष्टीने हा भाग आज सर्वांत गुंतागुंतीचा आहे. जुने पट्टे पाच ते दहा मीटर रुंद, बुलडोझरने तोडलेले, आणि किलोमीटरच्या किलोमीटर सरळ. अरण्याला वणवा नवा नाही. जळलेला ब्लॅक स्प्रूस आपल्या शंकूंतून बी सोडतो आणि पुन्हा उभा राहतो, म्हणून पट्ट्यांवरही झाडे आपोआप येतील असे गृहीत धरले गेले. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्बर्टातील एका अभ्यासात ३५ वर्षांनंतरही जेमतेम ८ टक्के पट्ट्यांवर निम्म्याहून अधिक काष्ठमय वनस्पतींचे आच्छादन आढळले. पीटभूमीतून जाणारे पट्टे विशेषच मागे राहतात. कारण पुन्हा तेच वीस-तीस सेंटिमीटर. बुलडोझरच्या पात्याने उंचवटे कापले जातात, साखळ्यांनी पीट दाबले जाते, पट्ट्याचा पृष्ठभाग भोवतालापेक्षा खाली जातो आणि बी पडले तरी रोप बुडून मरते. पट्टा मोकळा राहिला की त्यावरून हिवाळ्यात बर्फगाड्या आणि उन्हाळ्यात चारचाकी मोटारसायकली जातात, आणि जे काही उगवू पाहते ते चिरडले जाते.

याची सर्वांत मोठी किंमत वनवासी कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअर, मोजतो. हा कळपाने न राहता पीटभूमीत विखरून राहणारा सावध प्राणी आहे. लांडग्याला पीटभूमीत चालणे जड जाते, हेच त्याचे संरक्षण. पट्ट्यांनी ते काढून घेतले. पट्ट्यांवरून लांडगे अरण्यातल्यापेक्षा दुपटीतिपटीने वेगात चालतात असे त्यांच्या गळ्यात बसवलेल्या माग काढणाऱ्या कॉलरच्या नोंदींवरून दिसले आहे. त्यात भोवतालच्या तोडीनंतर उगवलेल्या कोवळ्या झाडोऱ्यावर मूस (हरणाच्या कुळातील मोठा प्राणी) आणि हरणे वाढतात, त्यांच्यावर लांडगे वाढतात आणि वाटेत कॅरिबू सापडतो. कॅनडाच्या संघीय सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या कॅरिबू पुनरुज्जीवन धोरणात कॅरिबूच्या प्रत्येक वावरक्षेत्राचा किमान ६५ टक्के भाग अबाधित असावा असे उद्दिष्ट आहे, आणि मानवी हस्तक्षेपाच्या भोवतीचे ५०० मीटरही बाधित धरले जातात. त्यामुळे दहा मीटरचा पट्टा हिशेबात एक किलोमीटर रुंदीचा होतो. पट्टे भरून काढण्यावर एवढा खर्च का होतो, हे या आकड्यांवरून कळावे.

पट्ट्यांवर आज सर्वाधिक वापरली जाणारी कृती म्हणजे ढिगुळे करणे. हिवाळ्यात पोकलेन मागे मागे सरकत बादलीभर पीट उचलून खड्ड्याशेजारी उपडे करतो, त्या उंचवट्यावर ब्लॅक स्प्रूस किंवा टॅमरॅक या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे रोप लावतात, आणि कडेची काही झाडे पट्ट्यावर आडवी पाडतात म्हणजे लांडग्यांना आणि गाड्यांना सरळ वाट मिळत नाही. रोपे जगण्याचे प्रमाण त्यामुळे निश्चित वाढते. तरीही माझे मत असे आहे की ही कृती सरसकट करू नये. उपडे केलेले पीट उघडे पडून सुकते आणि कुजते, काही वर्षांत ढिगुळे खचते, आणि शेजारच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यातून मिथेन सुटतो. मिथेनचा प्रश्न ढिगुळ्यांपूर्वीचाही आहे: अल्बर्टातील पीटभूमीतून किमान ३,४५,००० किलोमीटर लांबीचे पट्टे जातात आणि ओलसर झालेल्या त्या जमिनीमुळे दरवर्षी ४ ते ५ हजार टन अतिरिक्त मिथेन हवेत जात असावा, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा जमिनीत आपण आणखी खड्डे पाडणार असू तर त्याचा हिशेब मांडलाच पाहिजे. म्हणून पट्ट्याची आधी पाहणी करावी. जिथे मॉसचे उंचवटे परत येत आहेत आणि स्प्रूसची रोपे डोके वर काढत आहेत तिथे यंत्र नेऊच नये, केवळ वाहतूक बंद करावी. जिथे पृष्ठभाग खरोखर बुडाला आहे तिथे ढिगुळी करावीत, पण जिवंत मॉसचा थर वरच्या बाजूलाच राहील अशा रीतीने पीट ठेवावे. त्यासाठी चालकाला वेळ जास्त लागतो, आणि कंत्राटात किलोमीटरवर दर ठरलेला असेल तर तो वेळ त्याला मिळत नाही. कंत्राटाची भाषा बदलणे हाही या संशोधनाचा भागच मानावा लागतो. नव्या सर्वेक्षणात पट्टे दोन-तीन मीटर रुंदीचे, वळणावळणाचे आणि मुळे न उखडता तोडलेले असतात. तेही निर्दोष नाहीत, पण न मोडलेले पीट दुरुस्त करावे लागत नाही.

उंच भागावरील खनिज मातीचे अरण्य परत आणणे तुलनेने आटोपशीर आहे. दाबली गेलेली माती खोल नांगरून सैल आणि ओबडधोबड ठेवायची, काढून ठेवलेला वरचा थर लाकडाच्या तुकड्यांसह पसरायचा, आणि गवत शिरण्याआधी ॲस्पन, स्प्रूस आणि अल्डर लावायचे. ब्लूजॉइंट नावाचे स्थानिक गवत एकदा दाट झाले की स्प्रूसला वर्षानुवर्षे वाढू देत नाही. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे रोपवाटिकेतील मातीच्या एकाच गड्ड्यात (प्लगमध्ये) स्प्रूसचे रोप आणि फायरवीडसारखी स्थानिक वनस्पती एकत्र वाढवून लावणे, म्हणजे स्प्रूसभोवतीची जागा गवताच्या आधी तिने घेतलेली असते.

उघड्या खाणींचा प्रश्न मात्र वेगळ्या पातळीवरचा आहे. तिथे पीटभूमी दबलेली नसते, नाहीशी झालेली असते. मंजूर झालेल्या दहा खाणींमुळे सुमारे २९,५०० हेक्टर पीटभूमी कायमची जाईल आणि तिच्या जागी टेकड्या व मानवनिर्मित तळी येतील, असे २०१२ मध्ये अल्बर्टातीलच शास्त्रज्ञांनी हिशेबाने दाखवले होते. याच सुमारास दोन ठिकाणी पीटभूमी मुळापासून बांधून पाहिली गेली. सिनक्रूड कंपनीच्या खाणीत सँडहिल फेन आणि सनकोर कंपनीच्या खाणीत निकानोटी फेन (फेन म्हणजे भूजलावर पोसलेली पीटभूमी). निकानोटीचे बांधकाम २०१३ मध्ये पूर्ण झाले. तीन हेक्टरांपेक्षा किंचित लहान अशा पीटभूमीसाठी ३२ हेक्टरांचे पाणलोट क्षेत्र रचले, म्हणजे उतारावरचे पाणी वाळूतून झिरपत तिला कोरड्या वर्षातही मिळत राहावे, आणि खाणीच्या वाटेतून वाचवलेले दोन मीटर जाडीचे पीट त्यात घातले. केरेक्सची वाढ जोमाने झाली आणि पाणी टिकले. हे यश मोठे आहे. चिंता सोडियमची आहे. उताराखाली वापरलेल्या, तेल काढून उरलेल्या खाणीच्या गाळवाळूत क्षार असतात, ते भूजलाबरोबर हळूहळू पीटकडे सरकतात, आणि मॉसच्या अनेक जाती ते सहन करू शकत नाहीत. म्हणून अशा जागेचा निकाल पहिल्या दहा वर्षांवरून लावणे धाडसाचे ठरेल. तीन हेक्टरांचा हा प्रयोग मोलाचा आहे, पण त्याच्या आधाराने हजारो हेक्टर पीटभूमी खोदायला परवानगी मागणे मला मान्य नाही.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अल्बर्टात १९६३ पासून यासंबंधी कायदा आहे आणि कंपनीला प्रमाणपत्र मिळेपर्यंत जबाबदारी तिचीच राहते. निकष ‘समतुल्य भूक्षमते’चा आहे, म्हणजे जमीन पूर्वीसारखीच नसली तरी पूर्वीसारख्या उपयोगाची असावी. या शब्दाच्या आडोशाने पीटभूमीच्या जागी कोरडे अरण्य उभे करणे बराच काळ चालून गेले. २००८ मध्ये तेलवाळूच्या खाणीतील पहिले प्रमाणपत्र मिळालेली गेटवे हिल ही १०४ हेक्टरांची जागाही उंच भूमीवरील अरण्याची आहे. पीटभूमीवरील विहीरजागांसाठी स्वतंत्र निकष २०१५ मध्ये आले, आणि पाण्याची पातळी, भोवतालाशी असलेला प्रवाहसंबंध आणि पीटभूमीच्या वैशिष्ट्यपूर्ण वनस्पती तपासण्याची चौकट तयार झाली. माझ्या मते मोजण्याचा क्रम असा असावा: पहिल्या दोन वर्षांत फक्त पाणी, कारण ते चुकले असेल तर दुरुस्ती तेव्हाच स्वस्तात होते, पाचव्या वर्षापर्यंत मॉसचे आच्छादन आणि तणाचे प्रमाण, आणि त्यानंतर निवडक जागांवर कार्बन व मिथेनची देवाणघेवाण. झाड मोठे होण्याची वाट पाहिली तर माणसाचे आयुष्य पुरत नाही. क्री, डेने आणि मेटी या तिथल्या मूळनिवासी समाजांतील ज्येष्ठ मंडळी जागा पाहायला येतात तेव्हा ती आमच्या तक्त्यात नसलेल्या गोष्टी तपासतात: लॅब्राडोर टीची पाने चहाला घेण्याजोगी स्वच्छ आहेत का, क्रॅनबेरी धरली आहे का, मूसची पायवाट पट्टा ओलांडून गेली आहे का. हे निकष कागदोपत्री येण्यासाठी अजून पुष्कळ काम करायला हवे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण चंद्रपूरच्या जमिनीवर मी काम केलेले नाही. वरील तंत्रांपैकी जवळजवळ काहीच तिथे उचलून नेता येणार नाही. तिथे पाऊस तिप्पट पडतो आणि तोही चार महिन्यांत. ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाऱ्यांवर पाण्याचा प्रश्न आधी वाहून जाण्याचा आणि मग उन्हाळ्यात नसण्याचा आहे. कामाचा क्रम तेवढा उपयोगी पडेल: आधी उताराचा आकार आणि पाण्याची वाट, मग माती, मग रोपे. वरची माती काढून उंच ढिगात वर्षानुवर्षे ठेवली तर तिच्यातले बी आणि मुळांचे तुकडे मरतात. अल्बर्टात अरण्यतळाची माती काढल्याबरोबर दुसऱ्या तयार जागेवर पसरली तेव्हा स्थानिक वनस्पती न लावता उगवल्या, आणि हे विदर्भात करून पाहण्याजोगे आहे. गोव्यात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली आणि ढिगारे हिरवे झाले. त्या झाडांखाली स्थानिक जातींची किती रोपे येत आहेत, हा पुढचा प्रश्न तिथेही विचारायला हवा. प्रबंधासाठी विषय हवा असेल तर एकाच खाणीतील वेगवेगळ्या वर्षी लागवड झालेले ढिगारे निवडावेत, प्रत्येकावर ठरावीक मापाच्या चौकटी आखून त्यांत आपोआप उगवलेली रोपे जातीनुसार मोजावीत, मातीचा घट्टपणा आणि पाणी मुरण्याचा वेग पावसाळ्याआधी व नंतर नोंदवावा, आणि हेच सारे ताडोबालगतच्या सागवान-बांबूच्या वनात, खाणीने न मोडलेल्या जमिनीवर, संदर्भासाठी मोजून ठेवावे.